पिल्लांना ऊब पाठीवरून द्या

कर्जत-खालापूरच्या वाड्यांवर पिल्लं कमी झाली की पहिला आळ घारीवर येतो आणि दुसरा मुंगसावर. दोघंही पिल्लं नेतात, त्यात खोटं काही नाही. पण सकाळी खोक्याच्या कोपऱ्यात जी पिल्लं एकावर एक चढून चपटी झालेली सापडतात, त्यांना कोणी हात लावलेला नसतो. ती गारठलेली असतात. रात्री ऊब शोधत एकमेकांच्या अंगाखाली घुसतात, खालची गुदमरतात आणि वरची थंडीने जातात. अंड्यातून निघाल्यापासून पहिल्या दहा दिवसांतली ही मरतूक बऱ्याच अंशी टाळता येते. त्यासाठी मोठी शेड लागत नाही, महागडा ब्रूडर लागत नाही. मेडिकलच्या दुकानात कंबर आणि गुडघे शेकायला मिळतं ते विजेचं पॅड, हातभर जाळी आणि एक जुना टॉवेल, एवढ्यावर काम होतं. ते कसं करायचं आणि कुठे जपायचं, हे पाऊस लागण्याआधी आपल्या भागातल्या कोंबड्या पाळणाऱ्या प्रत्येक घराला कळावं म्हणून हे लिहिते आहे.

आधी एक गोष्ट ठाम सांगते. खुडूक कोंबडी रवणाला बसली असेल, तिने पिल्लं काढली असतील आणि ती त्यांना पंखाखाली घेत असेल, तर पुढचं काहीही करू नका. कोंबडीच्या अंगाचं तापमान ४१ अंशांच्या आसपास असतं, आणि पिल्लाला कधी जवळ घ्यायचं, कधी चरायला सोडायचं हे तिला आपल्यापेक्षा चांगलं कळतं. दाणा टिपायला तीच शिकवते, आकाशात घार दिसली की आवाज तीच देते. अनुभवी बायका दोन कोंबड्या एकाच दिवशी रवणाला बसवतात आणि पिल्लं निघाली की अंधार पडल्यावर दुसरीची पिल्लं हळूच पहिलीच्या पोटाखाली सरकवतात. सकाळी ती सगळ्यांना आपली मानते. दुसरी कोंबडी मोकळी होते आणि लवकर पुन्हा अंड्यावर येते. पिल्लं बारा-पंधराच्या आत असतील तर हा उपाय कुठल्याही यंत्रापेक्षा चांगला आहे.

पॅडची गरज पडते ती आई नसलेल्या पिल्लांना. रवणाची कोंबडी मुंगसाने मारली, इन्क्युबेटरमध्ये अंडी ठेवली होती, किंवा हॅचरीतून एक दिवसाची पिल्लं आणली. आणखी एक कारण असतं. गावठी कोंबडी वर्षाला पन्नास-साठ अंडी देते आणि पिल्लं सांभाळायच्या दोन-तीन महिन्यांत ती अंडी देत नाही. म्हणून काहीजण पिल्लं लगेच वेगळी करतात. विकेंडला फार्महाउसवर येणारे पाहुणे गावठी अंड्याला चांगला भाव देतात, तेव्हा हा हिशोब चुकीचा म्हणता येणार नाही. तरी घरात दोन-तीनच कोंबड्या असतील तर पिल्लं आईपासून तोडू नयेत, असं माझं मत आहे.

आपल्याकडे गारठा म्हटलं की लोकांना डिसेंबर-जानेवारी आठवतो. खांडसच्या बाजूला भीमाशंकरच्या उतारावर किंवा खालापुरात बोरघाटाच्या पायथ्याला त्या महिन्यांत पहाटे हुडहुडी भरते, हे खरंच. पण पिल्लांचा मोठा शत्रू पावसाळा आहे. कर्जत तालुक्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत. जमिनीला ओल येते, कुडातून वारा शिरतो, तूस दमट होतं. ओलं झालेलं पिल्लू पंचवीस अंशांतसुद्धा गारठून मरतं. आणि नेमक्या याच दिवसांत कितीतरी घरांत कोंबड्या नव्याने जमवायला सुरुवात होते. दिवाळीनंतर वीटभट्टीवर गेलेली कातकरी कुटुंबं पावसाच्या तोंडाशी परत येतात, घर शाकारतात, पाहुण्यांकडून एखादी कोंबडी आणतात, ती अंड्यावर येते आणि ऐन जुलैत पिल्लं निघतात. वर्षातल्या सगळ्यात वाईट हवेत सगळ्यात नाजूक जीव. या घरांना ही माहिती सगळ्यात आधी मिळायला हवी.

पिल्लाच्या अंगावर लव असते, पिसं नसतात. स्वतःच्या शरीराचं तापमान नीट टिकवायला त्याला दोन-तीन आठवडे लागतात आणि पुरती पिसं यायला पाच-सहा. पोटात अंड्यातल्या बलकाचा शेवटचा साठा असतो. त्याच्या जोरावर ते दोन-अडीच दिवस दाण्यावाचूनही तग धरतं, म्हणून तर हॅचरीची पिल्लं खोक्यात बसून एसटीने, रेल्वेने एवढा प्रवास करू शकतात. पण त्या वेळी गारठा लागला तर हा साठा अंगी लागत नाही, पोट फुगतं, हगवण लागते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी बसलेल्या थंडीचं मरण कधी कधी सातव्या दिवशी येतं, आणि आपण तेव्हा खाद्याला किंवा पाण्याला दोष देतो.

यावर गावोगाव चालत आलेला उपाय म्हणजे खोक्यावर किंवा उलट्या टोपलीत पिवळा बल्ब टांगणं. त्याने पिल्लं जगली आहेत, जगतातही. पण आता त्यात दोन अडचणी आहेत. पहिली अशी की २०१५ मध्ये ‘उजाला’ योजना आली, घरोघर एलईडी बल्ब लागले आणि तारेचे पिवळे बल्ब दुकानांतून कमी होत गेले. एलईडी बल्ब उजेड देतो, ऊब जवळजवळ देत नाही. तरीही नऊ वॉटचा पांढरा एलईडी पिल्लांवर टांगून लोक निर्धास्त झोपतात, कारण बल्ब लावायचा एवढंच लक्षात राहिलेलं असतं. आपल्या ओळखीत कोणी असं करत असेल तर त्यांना आजच सांगा.

दुसरी अडचण आगीची. शंभर-दोनशे वॉटचा तापलेला बल्ब, त्याखाली कोरडं तूस, बाजूला पुठ्ठा आणि वर सुतळीने बांधलेला होल्डर. मांजर अंगावर उडी मारतं, सुतळी सुटते, बल्ब तुसात पडतो. घर कुडाचं असेल आणि माळ्यावर पेंढा असेल तर पुढचं सांगायला नको. शिवाय बल्बखाली पिल्लांना रात्र मिळत नाही. चोवीस तास उजेडात ती खात राहतात, एकमेकांना टोचत राहतात, नीट झोपत नाहीत.

शेकायच्या पॅडचं तत्त्व वेगळं आहे. बल्ब वरून सगळी हवा आणि जमीन तापवतो. कोंबडी हवा तापवत नाही. पिल्लू तिच्या पोटाखाली शिरतं, पाठ तिच्या कातडीला टेकवतं आणि पाठीतून ऊब घेतं. ऊब मिळाली की बाहेर येऊन गार हवेत हिंडतं, पुन्हा आत जातं. पॅड पिल्लांच्या पाठीच्या उंचीवर आडवं बांधलं की तेच घडतं. ही कल्पना काही आजची नाही. फ्रान्समधल्या रेओम्यूर नावाच्या शास्त्रज्ञाने १७४९ मध्ये कोंबड्यांची पिल्लं कृत्रिम उबेवर काढण्याबद्दल ग्रंथ लिहिला. त्यात त्याने आई नसलेल्या पिल्लांसाठी एक पेटी सांगितली आहे: आतून मेंढीचं कातडं लावलेली, छत एका बाजूला उंच आणि दुसऱ्या बाजूला उतरतं, म्हणजे लहान पिल्लूही आत सरकत जाऊन पाठ वर टेकवू शकेल. त्याच्याकडे वीज नव्हती, आपल्याकडे आहे. बाकी आकार तोच ठेवायचा.

आता प्रत्यक्ष काम. मेडिकलच्या दुकानात हे पॅड साधारण पाचशे ते हजार रुपयांत मिळतं. घेताना दुकानदाराला एकच गोष्ट खोदून विचारा: दोन तासांनी आपोआप बंद होतं का? काही पॅडमध्ये तशी सोय असते. माणसाला ती चांगली, पिल्लांना घातक, कारण रात्री दीड वाजता ते बंद पडलेलं तुम्हाला कळणार नाही. असं पॅड घेऊ नका. तापमान आपोआप राखणारं आणि कमी, मध्यम, जास्त अशी तीन बटणं असलेलं पॅड घ्या. वायर चिरलेली, प्लग सैल, कापड विटलेलं असं घरातलं जुनं पॅड यासाठी काढू नका. जे पॅड आजीच्या गुडघ्यावरून रिटायर झालंय ते पिल्लांवरूनही रिटायर झालेलंच समजा.

जाळी घ्यायची ती एक इंच चौकटीची, ताठ, वेल्डिंगची. षटकोनी भोकांची मऊ जाळी वजनाने बसते. पॅडपेक्षा चार-चार बोटं मोठा तुकडा कापून दोन बाजू खाली वाकवा म्हणजे कमानीसारखं बैठं मेज तयार होतं. पुढची बाजू जमिनीपासून चार इंच, मागची अडीच इंच. कापलेल्या तारांची टोकं पक्कडीने आत वळवा, नाहीतर पिल्लांच्या डोळ्यांना लागतात. पॅड आधी पातळ, स्वच्छ प्लास्टिकच्या पिशवीत घाला, त्यावर जुन्या सुती साडीची खोळ चढवा आणि ते जाळीच्या खालच्या अंगाला नाड्यांनी बांधा. नाड्या खोळीला शिवायच्या. पॅडला सुई, टाचणी, तार काही टोचायचं नाही. आतून बारीक तारा फिरलेल्या असतात. पॅडची घडी होऊ देऊ नका, एका जागी दुमडलं की तिथे जास्त तापतं. जाळीच्या वरून एक टॉवेल टाका, तो तिन्ही बाजूंनी खाली येऊ द्या, पुढची बाजू मोकळी ठेवा. एकच टॉवेल. माया म्हणून वर गोधडी घातली तर उष्णता कोंडते आणि पॅड जळतं.

हे सगळं बसवायला फ्रिजचा किंवा टीव्हीचा पुठ्ठ्याचा खोका, नाहीतर मासळीचा धुतलेला मोठा क्रेट चालतो. पंधरा पिल्लांना दोन फूट बाय तीन फूट जागा पहिल्या दोन आठवड्यांना पुरते. एका साध्या पॅडखाली पंधराच्या वर पिल्लं मावत नाहीत, पंचवीस असतील तर दोन पॅड लागतील. खोका जमिनीवर टेकवू नका. चार विटांवर फळी आणि फळीवर खोका. जमिनीची ओल तुटते, आणि विटांच्या खाली पाण्याच्या वाट्या ठेवल्या तर लाल मुंग्याही चढत नाहीत. पावसाळ्यात मुंग्यांनी रात्रीत पिल्लं फोडलेली आपल्याकडे अनेकांनी पाहिली आहेत. खोक्याच्या तळाला दोन-तीन बोटं तूस पसरा. कर्जतच्या भातगिरण्यांवर ते मुबलक मिळतं, फक्त कोरडं आणि बुरशी न आलेलं निवडून आणा. पहिले दोन दिवस तुसावर गोणपाट अंथरा, म्हणजे पिल्लं दाणा समजून तूस खात नाहीत. वर्तमानपत्र अंथरू नका. गुळगुळीत कागदावर पिल्लांचे पाय घसरतात, फाकतात आणि मग सरळ होत नाहीत.

पॅड एका टोकाला, पाणी आणि दाणा दुसऱ्या टोकाला. हे अंतर महत्त्वाचं आहे. पाणी सांडून पॅड भिजायला नको, आणि पिल्लाला गार बाजूला जायची सवय लागायला हवी.

विजेबद्दल तळमळीने सांगते, कारण इथे चूक झाली तर जीव पिल्लाचा जात नाही, माणसाचा जातो. ही पॅड माणसाने जागेपणी थोडा वेळ वापरावीत म्हणून बनवलेली असतात. आपण ती दिवसरात्र चालवणार आहोत, तेव्हा राखणही तशीच हवी. पहिले तीन दिवस घरात कोणी नसताना पॅड चालू ठेवू नका. दिवसातून दोनदा हात घालून पाहा: खोळ ओली झाली आहे का, वायर गरम लागते का, जळका वास येतो का. आकड्यावरच्या विजेवर हे चालवू नका, जोड दिलेल्या वायरीवर चालवू नका. वायर घूस आणि उंदीर कुरतडतात, म्हणून ती खोक्यापासून बोर्डापर्यंत प्लास्टिकच्या पाइपातून न्या. घराच्या बोर्डावर झटका लागताच वीज तोडणारा स्विच असतो, वायरमन त्याला ईएलसीबी किंवा आरसीसीबी म्हणतात. तो नसेल तर पिल्लांच्या निमित्ताने बसवून घ्या. तो घरातल्या मुलांच्याही कामी येईल. खोक्याच्या आसपास पेंढा, गवत, लाकूडफाटा नको.

खर्चाचा हिशोब सोपा आहे. पन्नास वॉटचं पॅड सलग चोवीस तास चाललं तरी १.२ युनिट वीज जाते, आणि मध्ये मध्ये ते आपोआप थांबत असल्याने प्रत्यक्षात त्याहून कमी. दोनशे वॉटचा बल्ब तेवढ्याच वेळात ४.८ युनिट खातो.

पिल्लं यायच्या आदल्या दिवशी सगळं जोडून पूर्ण चोवीस तास चालवून पाहा. तापमान मोजायला वायरच्या टोकाला सेन्सर असलेला छोटा डिजिटल थर्मामीटर मिळतो, फ्रिजमध्ये लावतात तो. त्याचं टोक पॅडखाली, पिल्लाच्या पाठीच्या उंचीला ठेवा. पहिल्या आठवड्यात तिथे ३५ अंशांच्या आसपास हवं. ३८ च्या वर जात असेल तर बटण एक घर खाली घ्या. ताप मोजायचा थर्मामीटर इथे उपयोगाचा नाही.

आकडा मिळाला की पुढे मात्र पिल्लांकडे बघा. पिल्लं आणल्यावर एकेकाची चोच कोमट पाण्यात बुडवा आणि त्याला पॅडखाली सोडा. लिटरभर पाण्यात सुपारीएवढा गूळ विरघळवून पहिल्या दिवशी द्यावा. प्रवासाचा शीण जातो. पहिले काही तास ती बाहेर येऊन ओरडतील, कारण अंधाऱ्या कमानीत ऊब आहे हे त्यांना अजून कळलेलं नसतं. दोन-तीनदा हाताने आत सरकवा. एक शिरलं की बाकीची मागोमाग जातात, आणि संध्याकाळपर्यंत त्यांना ते आपलं घर वाटायला लागतं. मग वाकून आत बघा. ऊब बरोबर असेल तर पिल्लं पाय पसरून, मान जमिनीला टेकवून, पॅडला पाठ लावून पडलेली दिसतील, काहींच्या फक्त चोची टॉवेलच्या कडेतून बाहेर आलेल्या असतील, आणि आवाज बारीक, तुटक, समाधानाचा असेल. चीं-चीं असा कर्कश, न थांबणारा ओरडा चालू असेल आणि सगळी एका ठिकाणी गोळा झाली असतील तर ऊब कमी पडते आहे, किंवा मागची बाजू उंच झाल्याने पाठ टेकत नाही. चोच उघडून धापा टाकत, पंख लोंबवत सगळी दूरच्या टोकाला गेली असतील तर जास्त होते आहे. एप्रिल-मे महिन्यांत कर्जतचा पारा चाळिशी गाठतो, तेव्हा दुपारी पॅड बंदच ठेवायचं. त्या दिवसांत थंडीपेक्षा उष्म्याने पिल्लं जास्त दगावतात.

आणि लाइट गेली तर? आपल्याकडे वादळी पावसात फांदी तारेवर पडते आणि खांडस काय, चौक काय, वाडीची वाडी रात्रभर अंधारात राहते. इथे पॅडच्या कमानीचा एक फायदा आहे. बल्ब गेला की खोका लगेच गार पडतो, पण टॉवेलने झाकलेल्या कमानीत पिल्लांच्या अंगाचीच ऊब बराच वेळ टिकते. लाइट जाताच टॉवेलची पुढची बाजूही अर्धी खाली सोडा. लिटरच्या दोन बाटल्यांत हाताला सोसेल त्याहून थोडं जास्त गरम पाणी भरून, बूच घट्ट लावून, जुन्या कापडात गुंडाळून कमानीखाली दोन्ही कडांना ठेवा. दोन-अडीच तासांनी पाणी बदला. पिल्लं बाटलीला चिकटून झोपतात. चूल पेटती असेल तर पिल्लं टोपलीत घालून चुलीपासून दोन हात लांब ठेवणं हा आपला जुना उपायही चांगला आहे. फक्त बंद खोलीत कोळशाची शेगडी कधीही ठेवू नका. त्या विषारी वायूला वास नसतो, आणि तो पिल्लांबरोबर झोपलेल्या माणसांनाही नेतो.

खाद्याचं थोडक्यात. चिक स्टार्टर मिळत असेल तर पहिले सहा आठवडे तेच द्या. शक्य नसेल तर तांदळाची कणी, नाचणीचा भरडा आणि त्यात उन्हात वाळवलेल्या जवळ्याची पूड मिसळा, कारण नुसत्या कणीवर पिल्लू जगतं पण वाढत नाही. वाळवीचं वारूळ फोडून पिल्लांपुढे टाकायची आपल्या वाड्यांची पद्धत अगदी योग्य आहे, ती सोडू नका. पाण्याचं भांडं उथळ हवं आणि त्यात चार गोटे टाकावेत, म्हणजे पिल्लू बुडत नाही. रोज एकदा पिल्लांची मागची बाजू पाहा. विष्ठा चिकटून छिद्र बंद झालं असेल तर कोमट पाण्याच्या बोळ्याने भिजवून काढा, ओढू नका.

दुसऱ्या आठवड्यापासून जाळी विटेच्या तुकड्यांवर थोडी थोडी उचलत जा. पिल्लं आत कमी आणि कमानीच्या छपरावर जास्त बसायला लागली की त्यांची गरज संपत आली. उन्हाळ्यात पंधरा दिवसांत पॅड काढता येतं. पावसाळ्यात आणि थंडीत चार आठवड्यांपर्यंत निदान रात्री तरी ठेवा.

आता सरकारी योजनेबद्दल. पशुसंवर्धन विभागाच्या योजनांत शंभर एकदिवसीय पिल्लांचा गट अनुदानावर मिळतो, तसाच थोड्या मोठ्या पक्ष्यांचा, म्हणजे तलंगांचाही गट मिळतो. शंभर पिल्लं म्हणजे सात पॅड, सात खोके आणि रात्रीची राखण. ज्यांच्याकडे तेवढी सोय नाही त्यांनी शंभर या आकड्याला भुलून एकदिवसीय पिल्लं घेऊ नयेत. तलंगा कमी मिळतात, पण त्यांची पिसं आलेली असतात आणि त्या जगतात. पंचायत समितीत पशुधन विकास अधिकाऱ्यांना स्पष्ट विचारा, आणि अर्ज भरण्याआधी विचारा.

पॅड, थर्मामीटर, जाळी हा सगळा संच एका घराला वर्षातून दोन-तीनदाच लागतो. बाकीचे दिवस तो माळ्यावर पडून राहतो आणि उंदीर त्याची वायर खातात. म्हणून प्रत्येक घराने तो विकत घेऊ नये, वाडीने घ्यावा. सामाईक वस्तू सांभाळायची आपल्या भागाला सवय आहे. कशेळ्याच्या ‘अ‍ॅकॅडमी ऑफ डेव्हलपमेंट सायन्स’ या संस्थेने याच पट्ट्यातल्या आदिवासी वाड्यांबरोबर धान्य बँका उभ्या केल्या. पावसाळ्यात सावकाराच्या दारात न जाता बँकेतून धान्य न्यायचं आणि पीक हाती आल्यावर थोडं वाढवून परत करायचं. ज्या वाड्यांना भाताचा हिशोब ठेवता येतो त्यांना दोन पॅडचा ठेवता येणार नाही का? बायकांच्या बचत गटाने दोन संच घ्यावेत, वहीत नाव लिहून द्यावेत, परत येताना खोळ गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात वाळवलेली असावी. ज्या घरात रोगाने पिल्लं मेली तिथली खोळ आणि पिशवी जाळून टाकावी, जाळी जंतुनाशकाने पुसावी, मगच संच पुढच्या घरी द्यावा. पॅड सामाईक असावं, पण वेगवेगळ्या घरांची, वेगवेगळ्या वयाची पिल्लं एका खोक्यात घालू नयेत.

संच एकत्र घेतला की आणखी एक मोठं काम सोपं होतं, ते लसीचं. आपल्याकडे वाडीच्या वाडी कोंबड्या साफ करणारी मानमोडी, म्हणजे राणीखेत, हिच्यावर लासोटा लस आहे. पाचव्या ते सातव्या दिवशी डोळ्यात किंवा नाकपुडीत एक थेंब, बस. पण लसीची छोटी कुपीही शंभर पिल्लांची असते, ती बर्फावर आणावी लागते आणि एकदा विरघळवली की दोन तासांच्या आत संपवावी लागते. बारा पिल्लांसाठी कोणी कर्जतहून बर्फाच्या थर्मासात कुपी आणत नाही, म्हणून लस दिलीच जात नाही, आणि उबेने वाचवलेली पिल्लं तिसऱ्या महिन्यात मानमोडीने जातात. वाडीतल्या सात-आठ घरांनी ठरवून एकाच आठवड्यात अंडी रवणाला ठेवली तर एका कुपीत सगळ्यांची पिल्लं होतात. पुढचा डोस कधी, हे पशुवैद्यकीय दवाखान्यात त्याच दिवशी लिहून घ्या. आजारी पक्षी दिसले तर १९६२ या क्रमांकावर फोन करा.

अंडी रवणाला ठेवल्यापासून पिल्लू निघायला २१ दिवस लागतात. गटाच्या पुढच्या बैठकीत हा विषय काढा, पैसे गोळा करा आणि त्या २१ दिवसांतच पॅड आणून, जाळी वाकवून, एक पूर्ण रात्र चालवून पाहा. पिल्लं निघाल्यावर धावपळ करून काही हाती लागत नाही.